टाकीची मोटर आणि अधांतरी पिन

टाकी भरली की मोटर बंद करणारी छोटी पेटी हल्ली गावातली मुले घरीच जुळवतात. पण कधी कधी ही पेटी भरल्या टाकीवरही मोटर चालू करते. पाणी वाहून जाते, वीज फुकट जाते. कारण बहुधा साधे असते.

पेटीतल्या मायक्रोकंट्रोलरची पिन ‘१’ किंवा ‘०’ वाचते. फ्लोट स्विच उघडा असला की ती कशालाच जोडलेली नसते. ठाण्याच्या टेंभी नाक्यावर नवरात्रात गर्दी लोटेल तिकडे माणूस जातो, तशी ही पिन शेजारच्या वायरींच्या प्रभावाने हेलकावते.

फाटकाला दोरीने दगड बांधला की ते वाऱ्याने उघडत नाही, हाताने मात्र उघडते. रेझिस्टर हा तो दगड. पिनेपासून ५ व्होल्टकडे जोडला तर पुल-अप, ग्राउंडकडे जोडला तर पुल-डाउन. आर्डुइनो उनोच्या चिपमध्ये २० ते ५० किलोओहमचा पुल-अप आतच असतो. तो प्रोग्राममधून चालू करावा लागतो. ईएसपी३२ हे बोर्ड ३.३ व्होल्टचे. त्यात दोन्ही आहेत, पण ३४ ते ३९ या पिनांना एकही नाही.

वायर लांब असेल तर आतला दगड हलका पडतो. बाहेरून ४.७ किंवा १० किलोओहमचा लावा.

टाकी रिकामी असताना मिटणारा स्विच पिन आणि ग्राउंड यांमध्ये जोडा. ‘०’ आले की मोटर चालू, ‘१’ आले की बंद. मग उंदराने वायर तोडली तरी मोटर बंदच राहील. २३० व्होल्टचे काम मात्र रिले-स्टार्टरमार्फत, वायरमनकडूनच करून घ्या.