एका सर्व्हरवर अनेक बिऱ्हाडे

एखाद्या संस्थेच्या दोन शाखांना आपापले 'नेक्स्टक्लाउड' हवे असेल, तर दोन सर्व्हर घ्यावेच लागतात असे नाही. २०१३ मध्ये आलेल्या 'डॉकर'मुळे एकाच सर्व्हरवर एका सॉफ्टवेअरच्या अनेक प्रती सहज चालविता येतात. लिनक्सचे कर्नल सामाईक असते. प्रत्येक प्रतीचे बिऱ्हाड मात्र वेगळे.

तथापि, हे वेगळेपण आपोआप पूर्ण होत नाही. दोन्ही प्रतींना सर्व्हरचा ८०८० हा एकच पोर्ट दिला, तर दुसरी सुरूच होत नाही. चूक तत्काळ कळते. खरा धोका माहितीच्या साठ्याला आहे. वेगळे नाव न दिल्यास 'डॉकर कंपोज' प्रकल्पाचे नाव फोल्डरवरून ठरविते. दोन्ही फोल्डरांचे नाव सारखे असल्यास दुसरी प्रत पहिलीच समजली जाते आणि पहिलीचा साठा तिच्या हाती जातो. दोन डेटाबेसना साठ्याचा एकच मार्ग दिला, तर नोंदी कायमच्या बिघडू शकतात.

म्हणून प्रत्येक प्रतीला स्वतंत्र नाव, पोर्ट, साठा आणि पासवर्ड द्यावा. मेमरीची मर्यादाही घालावी. बॅकअप मात्र अन्यत्र ठेवावा. सर्व्हरच बंद पडला, तर सारीच बिऱ्हाडे एकदम उघड्यावर येतात.