‘माझी पुस्तक हरवली’
(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या जून महिन्यात मी चार दिवस मामाकडे गेले होते. मामा रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहे व कारेगावात खोली घेऊन राहतो. एका संध्याकाळी शेजारच्या खोलीतला चौथीतला मुलगा रडत आला आणि म्हणाला, “दीदी, माझी पुस्तक हरवली.” चाळीतली इतर मुले फिदीफिदी हसू लागली. मला मात्र हसू आले नाही. त्याचे कारण सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

माझे आईवडील बीड जिल्ह्यातून दौंड तालुक्यात ऊसतोडीला आले. मुकादमाची उचल, उसाच्या फडाजवळची कोपी, पहाटेची थंडी, हे सारे त्यांनी भोगले आहे. पुढे वडिलांना एका बागायतदाराकडे बारमाही काम मिळाले आणि आम्ही इथलेच झालो. घरात आम्ही गोरमाटी बोलतो. या भाषेत आईला ‘याडी’ म्हणतात. मी दुसरीत असताना गुरुजींनी विचारले, “तुझी आई काय करते?” मी उभी राहून म्हणाले, “माझी याडी ऊस तोडते.” वर्गाने ऐकले ‘येडी’. सारा वर्ग हसला, गुरुजीही हसले. त्यानंतर दोन वर्षे मी वर्गात आपणहून तोंड उघडले नाही. गुरुजी दुष्ट नव्हते. आमची भाषा त्यांच्या कानावरच कधी पडली नव्हती, इतकेच.

वाचकहो, शिरूर आणि दौंड हे मराठी मुलखातले तालुके आहेत. पण इथल्या शाळांत केवळ मराठीच बोलणारी मुले बसतात असे समजणे चूक आहे. दौंड-मनमाड रेल्वेमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला. तेव्हापासून दौंड जंक्शनवर निरनिराळ्या प्रांतांची माणसे येऊन राहिली. रांजणगाव, सणसवाडी आणि कुरकुंभ येथील कारखान्यांमुळे उत्तर प्रदेश, बिहार व ओडिशातील कुटुंबे आली. उसाच्या हंगामात मराठवाड्यातून टोळ्या येतात व त्यांत लमाण कुटुंबे असतात. पारधी समाजाच्या वस्त्या तर इथल्याच. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने काही जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरविण्याची सोय केली. त्या छापाखाली पारधीही भरडले गेले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण गावाच्या मनातून अजून पुरता गेलेला नाही. पारध्यांची बोली गुजरातीला जवळची आहे. पारध्याचे मूल पहिलीत येते तेव्हा मराठी ही त्याच्यासाठी जवळजवळ परभाषाच असते.

आता त्या हरवलेल्या पुस्तकाकडे वळू. मराठीत तीन लिंगे आहेत, हिंदीत दोनच. मराठीतले ‘पुस्तक’ नपुंसकलिंगी, हिंदीतले स्त्रीलिंगी. त्या मुलाने आपली पहिली इयत्ता गावाकडे हिंदी शाळेत काढली होती. तेव्हा ‘माझी पुस्तक’ म्हणताना तो एका भाषेचा नियम दुसऱ्या भाषेला लावत होता. ‘पाणी आला’, ‘तो झाड’ हे प्रयोगही तसेच. बंगाली आणि ओडिया भाषांत तर नामांना असे व्याकरणिक लिंगच नसते. त्या मुलांना ‘ती भिंत, तो दगड, ते घर’ हा सारा प्रकार केवढा अजब वाटत असेल! हिंदीच्या वर्णमालेत ‘ळ’ नाही, म्हणून ‘बाळ’चे ‘बाल’ होते. ‘चाक’मधला ‘च’ आणि ‘चिमणी’मधला ‘च’ आपण वेगळे उच्चारतो, पण लिहितो एकाच अक्षराने. मूल तो फरक पाहून शिकू शकत नाही, तो त्याला ऐकवावा लागतो.

हे ज्याला ठाऊक आहे तो शिक्षक वहीवर लाल फुली मारून थांबणार नाही. चूक कोणत्या नियमातून आली हे तो ओळखेल आणि दोन्ही भाषांचे नियम शेजारी शेजारी फळ्यावर मांडील.

आणखी एक गोष्ट. सहा महिन्यांत मूल मैदानावर चुरूचुरू मराठी बोलू लागते. मग त्याला गणितातले शाब्दिक उदाहरण सुटेना की आपण त्याला ‘ढ’ ठरवतो. कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये खेळाबोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा असा भेद मांडला. पहिली सुमारे दोन वर्षांत येते, दुसरीला पाच ते सात वर्षे लागू शकतात, असे त्यांच्या अभ्यासात दिसले. ‘शिल्लक’, ‘एकूण’, ‘त्यापैकी’ हे शब्द खेळताना कोणी वापरत नाही!

कायदा या मुलांच्या बाजूचा आहे. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या सोयी कराव्यात, असे राज्यघटनेचा अनुच्छेद ३५० क सांगतो. शिक्षणहक्क कायदा २००९ चा. शिक्षणाचे माध्यम शक्यतो मुलाची मातृभाषा असावे, असे त्यातही म्हटले आहे. पण कायदा वर्गात शिरतो तो शिक्षकाच्या पायांनी. तेव्हा शिक्षकाने काय शिकावे, हा खरा प्रश्न आहे.

बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचे झाले. त्यात किमान वीस आठवडे शाळेतील प्रत्यक्ष अनुभव ठेवला आहे. शिवाय प्रत्येक विषयाच्या शिक्षकाने भाषेचा विचार करावा, अशा आशयाचा एक विषय राष्ट्रीय आराखड्यात आहे. पुढे एम.एड. आहे. भाषाविज्ञानात एम.ए. करायचे तर पुण्याचे डेक्कन कॉलेज आपल्यापासून फार दूर नाही. मात्र यात एक मोठी अडचण आहे. बी.एड. झालेला शिक्षक सहावीच्या पुढे शिकवतो. पहिली ते पाचवीसाठी बारावीनंतरची डी.एल.एड. ही पदविका लागते आणि बी.एड. तिच्या जागी चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये स्पष्ट केले. लहान मुलांना शिकवण्याचे शास्त्र वेगळे आहे, हे मलाही पटते. पण भाषेची ठेच लागते ती पहिलीतच. पदवीधर शिक्षक भाषाशास्त्र शिकून सहावीच्या दारात उभा राहतो, तोवर कोपीतले मूल शाळा सोडून धाकट्या भावंडाला सांभाळू लागलेले असते. एवढा अभ्यास खालच्या वर्गापर्यंत पोहोचत नसेल तर त्याचा उपयोग कोणाला?

महाराष्ट्रात हा मार्ग पूर्वी कोणी चाललेच नाही असे नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले व पुढे १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. आदिवासी मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. मूल शाळेत बसत नसेल तर शाळेने जागा बदलावी, हे त्यांनी करून दाखविले. जागेच्या बाबतीत जे झाले तेच भाषेच्या बाबतीत व्हायला हवे.

माझ्या वडिलांची इच्छा मी बी.एड. करावे अशी आहे. मी मात्र बी.ए. नंतर डी.एल.एड. करण्याच्या विचारात आहे. मैत्रिणी म्हणतात, “पदवी घेऊन पुन्हा बारावीच्या पोरींबरोबर बसणार?” त्यांचे म्हणणे खोटे नाही. पगार, मान, वय, सगळ्याचाच हिशेब करावा लागतो. माझा निर्णय अजून पक्का झालेला नाही. पण पहिलीच्या वर्गात एखादी मुलगी ‘याडी’ म्हणाली, तर तिथे तो शब्द समजणारे एक तरी माणूस असावे, असे मला फार वाटते.

आपल्या महाविद्यालयातही घरी वडारी, कैकाडी, पारधी, गोरमाटी बोलणारे मित्र आहेत. ते हे कोणाला सांगत नाहीत. मीही आजवर सांगितले नव्हते. शिक्षक होऊ इच्छिणाऱ्याला ही भाषा लपविण्याची वस्तू नाही. कोणत्याही पदविकेत न मिळणारा तो अभ्यास आपण घरूनच करून आलो आहोत.

त्या संध्याकाळी पुस्तक कॉटखाली सापडले. मी त्या मुलाला म्हणाले, “तुझ्या भाषेत ‘मेरी किताब’, आमच्या मराठीत ‘माझं पुस्तक’. दोन्ही बरोबर.” त्याने ते दोनदा म्हणून पाहिले आणि मग मलाच विचारले, “दीदी, और आपकी भाषा में?”