कंपायलर आडनाव विचारत नाही

मंडणगड, दापोलीच्या वाड्यांतून आपली मुले संगणक शिकायला रत्नागिरीच्या तंत्रनिकेतनात जातात. सुरुवात बहुधा 'सी' भाषेपासून होते. ती शिकलीच पाहिजे. पण तिच्यात मेमरीचा हिशेब माणसानेच ठेवायचा. तो चुकला, की प्रोग्राम चालताना कोसळतो, नाहीतर चोराला वाट मिळते. मायक्रोसॉफ्टच्या उत्पादनांतील सुमारे ७० टक्के सुरक्षा-त्रुटी अशाच चुकांतून आल्याचे २०१९ मध्ये त्या कंपनीनेच सांगितले.

यावर उपाय म्हणून 'रस्ट' ही भाषा पुढे आली. ग्रेडन होअर यांनी २००६ मध्ये तिचे काम सुरू केले, पहिली स्थिर आवृत्ती २०१५ मध्ये आली. तिचा पहिला कंपायलर 'ओकॅमल' या फंक्शनल भाषेत लिहिलेला होता. 'रस्ट'मध्ये माहितीच्या प्रत्येक तुकड्याला एकच मालक असतो, इतरांनी तो उसना घ्यायचा. हा नियम मोडला, तर कंपायलर प्रोग्राम तयारच करत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये लिनक्सच्या गाभ्यातही तिला जागा मिळाली.

ही सारी साधने फुकट आहेत. कंपायलर आडनाव विचारत नाही. कोणत्या ओळीत काय चुकले, तेवढेच सांगतो. मग अडते कुठे? शिकण्याचे बहुतेक साहित्य इंग्रजीत आहे, तिथे! म्हणून नोकरीला लागलेल्या आपल्या अभियंत्यांनी रविवारी विहारात एक संगणक मांडावा आणि मराठीत शिकवावे. पुढे गेलेल्याने मागच्यासाठी एवढे करायलाच हवे.