निष्कलंक पान

भाजी निवडतांना किडकें पान टाकावें आणि डाग नसलेलें ठेवावें, ही रीत आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, व ती शहाणपणाचीच आहे. परंतु अलीकडे शहरांतील बाजारांत हरितगृहांतील पालक, लेट्यूस इत्यादि भाज्या पारदर्शक पिशव्यांतून येऊं लागल्या आहेत. त्यांवर ना छिद्र, ना डाग, ना मातीचा कण. गृहिणीला सहजच वाटतें कीं, याहून निर्मळ भाजी ती कोणती? या समजुतीचा थोडा विचार व्हावा, एवढाच आमचा आजचा हेतु आहे.

हरितगृह म्हणजे प्लॅस्टिकच्या पारदर्शक कापडाखालचें शेत. तेथें पावसापासून पिकाचें रक्षण होतें. पण कोंडलेल्या दमट हवेंत बुरशीला माहेरच लाभतें. केवड्यासारखा रोग एकदां शिरला कीं सबंध वाफा हातचा जातो, म्हणून शेतकरी बुरशीनाशक फवारतो. त्यांत त्याचा दोष नाहीं. मात्र उघड्या शेतांत औषधाचा कांहीं भाग पावसानें धुऊन जातो व कांहीं उन्हांतील अतिनील किरणांनीं विघटित होतो. छपराखालीं पाऊस पोंचत नाहीं, आणि कापड त्या किरणांनाहि बरेंचसें अडवितें. शिवाय पालेभाजीचें पान वजनानें हलकें व पसरट. त्यामुळें किलोमागें औषध अधिक बसतें, आणि साल काढून टाकण्याचीहि तेथें सोय नाहीं.

बुरशीनाशकें नवीं नव्हेत. मोरचूद व चुना यांचें मिश्रण द्राक्षवेलींवर उपयुक्त असल्याचें फ्रान्समधील बोर्दो येथील मिलार्दे यांनीं १८८५ सालीं प्रसिद्ध केलें. त्या मिश्रणाचा निळसर थर निदान डोळ्यांस दिसे. पुढील काळांतील औषधांचा अंश बहुधा दिसतहि नाहीं. त्यांपैकीं कांहीं पानाच्या पृष्ठभागावर राहतात. त्यांचा बराचसा अंश वाहत्या पाण्यानें निघतो. कांहीं मात्र पानांत शिरून मुरतात, आणि तीं कितीहि धुतलें तरी निघत नाहींत. शिजविणें हाहि सर्वत्र उपाय नव्हे. मॅन्कोझेब या फार वापरांतल्या औषधाचा अंश शिजतांना त्यापासून एथिलीनथायोयुरिया हा पदार्थ बनतो. प्राण्यांवरील प्रयोगांत तो थायरॉईड ग्रंथीस अपायकारक ठरला आहे. युरोपीय संघानें २०२० सालीं मॅन्कोझेबची मंजुरी पुढें न चालविण्याचें ठरविलें.

मग खरें संरक्षण कोठें आहे? आमच्या मतें तें नळाखालीं नव्हे, तर फवारणी आणि कापणी यांमधील दिवसांत आहे. किती दिवस थांबावें, हें औषधाच्या वेष्टनासोबत सांगितलेलें असतें. त्या मुदतींत औषध हळूहळू विघटित होतें, आणि पान वाढत असल्यानें किलोमागचें प्रमाणहि घटतें. परंतु भाव चढला असतां थांबणें जड जातें. शिवाय ज्या भाजीसाठीं औषध मंजूरच नाहीं, तिच्यासाठीं मुदतहि लिहिलेली नसते. आणि खरें बोलावयाचें तर, एक ठिपका दिसतांच जुडी परत ठेवणारे आपण ग्राहकहि या जादा फवारणीस थोडेबहुत जबाबदार आहों.

याचा अर्थ पालेभाजी वर्ज्य करावी असा मुळींच नव्हे. अंश सांपडला म्हणजे अन्न विषारी झालें, असें होत नाहीं. प्रश्न प्रमाणाचा असतो, आणि कायद्यानें घातलेली मर्यादा त्याचसाठीं असते. मुलांच्या ताटांतून पालेभाजी काढून घेणें हा तर रोगापेक्षां औषध भयंकर असा प्रकार होईल. गृहिणीनें बाहेरचीं पानें काढून टाकावीं, उरलेलीं सुटीं करून वाहत्या पाण्यांत चोळून धुवावीं, साबण लावूं नये. भाजी कोणाकडून येते हें ठाऊक असेल, तर फवारणी केव्हां झाली हें निःसंकोच विचारावें. आणि एखाद्या पानास लहानसें छिद्र आढळलें, तर तेवढा भाग खुडून बाकीचें पान ठेवावें. निष्कलंक दिसणें आणि निर्मळ असणें या दोन गोष्टी भिन्न आहेत. माणसांच्या बाबतींत हें आपण जाणतोंच, भाजीच्या बाबतींतहि तें ध्यानीं ठेवलेलें बरें.