रेफर केलेल्या बाळाचं तापमान

30 सप्टेंबर ते 1 ऑक्टोबर 2023 या चोवीस तासांत नांदेडजवळच्या विष्णुपुरी इथल्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात 24 रुग्ण दगावले. त्यांत 12 नवजात बाळं होती. दोन दिवसांत आकडा 31 वर गेला आणि बाळांची संख्या 16 झाली. औषधांच्या तुटवड्यावरून आरोप-प्रत्यारोप झाले, एका खासदारांनी अधिष्ठात्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावलं, मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. या गदारोळात एक आकडा मागे पडला. नवजात अतिदक्षता विभाग 24 खाटांचा होता आणि बातम्यांनुसार तेव्हा तिथे साठाहून जास्त बाळं दाखल होती.

म्हणजे बाळांना ऊब देणाऱ्या एका वॉर्मरवर दोन-दोन, तीन-तीन बाळं. रात्रपाळीच्या सिस्टरचे हात एका बाळाकडून दुसऱ्याकडे जातात, मध्ये हात धुवायला वेळ मिळेलच असं नाही, आणि जंतूंना तेवढी संधी पुरते. दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांत हजारो नवजात बाळांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष 2016 मध्ये प्रसिद्ध झाले. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांत सर्वाधिक आढळले ते अॅसिनेटोबॅक्टर आणि क्लेबसिएला, रुग्णालयात मुक्काम ठोकणारे आणि अनेक प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतू. अशा वेळी सर्वांत महागडं इंजेक्शनही हतबल ठरतं.

पण बाळ विष्णुपुरीला पोहोचतं तेव्हा बरंच काही आधीच घडून गेलेलं असतं. नांदेडला परभणी, हिंगोली, यवतमाळमधून आणि तेलंगणातूनही रुग्ण येतात. किनवट-माहूरकडून निघालेल्या बाळाचा प्रवास काही तासांचा असतो. लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेकडेही असंच दूरदूरच्या तालुक्यांतून बाळांना पाठवलं जातं. घरचे म्हणतात, “बाळाला काचेत ठेवायला सांगितलंय.” काचेपर्यंतच्या वाटेवर बाळाचं काय होतं, याची विचारपूस फारशी होत नाही.

ओलं बाळ उघडं राहिलं तर पहिल्या दहा-वीस मिनिटांतच त्याचं तापमान दोन ते चार अंशांनी उतरू शकतं. त्याला कुडकुडून ऊब निर्माण करता येत नाही. मानेभोवती आणि पाठीत साठवलेली तपकिरी चरबी जाळून ते अंग गरम ठेवू पाहतं, आणि दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाकडे ती चरबी जेमतेम असते. चरबी जाळायला प्राणवायू लागतो, साखर लागते. मग साखर उतरते, रक्तातलं आम्ल वाढतं, श्वास मंदावतो. 36.5 अंश सेल्सिअसच्या खाली गेलेलं प्रत्येक बाळ या उतारावर असतं. रुग्णालयात त्याच्या केसपेपरवर ‘कमी वजन’ किंवा ‘संसर्ग’ अशी नोंद होते. गारठा कागदावर क्वचितच उतरतो.

यावरचा एक उपाय 1978 मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात सापडला, तोही इनक्युबेटर कमी पडत होते म्हणून. बाळ आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायचं. आपण याला कांगारू मदर केअर म्हणतो. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच अशी ऊब दिली तेव्हा कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू सुमारे 25 टक्क्यांनी घटले. त्यासाठी आईची खाट बाळाच्या विभागात आणावी लागते. जिथे तीन बाळांत एक वॉर्मर आहे तिथे ही खाट कुठे टाकणार, हा खरा प्रश्न आहे आणि तो बांधकामाच्या आराखड्यात सोडवावा लागेल.

नियमांची वाण आपल्याकडे नाही. प्रसूतिकक्षासाठी केंद्राचा ‘लक्ष्य’ कार्यक्रम डिसेंबर 2017 पासून आहे. पण उत्तर प्रदेशातल्या 120 आरोग्य केंद्रांतला अनुभव डोळ्यांत अंजन घालणारा आहे. त्यांतल्या निम्म्या केंद्रांत जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षित प्रसूतीची तपासणी यादी वापरली गेली, कर्मचाऱ्यांना मार्गदर्शक दिले गेले. दीड लाखाहून अधिक बाळंतपणांनंतर 2017 मध्ये निष्कर्ष आला: कामाच्या पद्धती सुधारल्या, माता-बाळांचे मृत्यू मात्र घटले नाहीत. कौशल्य, औषधं, वेळेवर पुढच्या रुग्णालयात पोहोचणं या गोष्टी यादीतल्या खुणांनी येत नाहीत, आणि मनुष्यबळ तर नाहीच.

म्हणून मराठवाड्यात दोन कामं बरोबरीनं व्हायला हवीत. नवजात विभागात प्रत्येक पाळीला किती बाळं आणि किती परिचारिका, हे रोज जाहीर व्हावं. रिक्त पदं भरण्याचा रेटा त्यातूनच येईल. दुसरं काम आजच सुरू करता येतं. किनवट असो की उदगीर, बाळ रुग्णवाहिकेत चढताना आणि मोठ्या रुग्णालयाच्या दारात उतरताना त्याचं तापमान मोजून रेफर चिठ्ठीवर लिहावं, आणि ते आकडे दर आठवड्याला पाठवणाऱ्या रुग्णालयाला परत कळवावेत. कोणत्या वाटेवर बाळं गारठतात हे महिनाभरात दिसू लागेल. तिथे आधी टोपी, कोरडं दुपटं आणि बाळाला छातीशी घेऊन बसलेली आई किंवा आजी रुग्णवाहिकेत पोहोचवायला हवी.