पत्र्याखालचा उन्हाळा : एसी नाही, मग घर गार कसं ठेवायचं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागातलं बोलणं इथे लिहून देतोय.

कपिलधार म्हटलं की आपल्याला काय आठवतं? मन्मथ स्वामींची समाधी, कार्तिकी पौर्णिमेची यात्रा आणि पावसाळ्यातला धबधबा. पण आज बोलायचंय मे महिन्याबद्दल. पारा ४० च्या पुढे गेला की बालाघाटाच्या या डोंगरातल्या गावांत दुपारी दोन वाजता कुठलं घर सगळ्यात जास्त तापतं? पत्र्याचं. बीड जिल्ह्यातले कितीतरी ऊसतोड कामगार हंगाम संपवून नेमके याच दिवसांत गावी परत येतात. म्हणजे विश्रांती मिळायची, ती तापलेल्या पत्र्याखाली!

मग जुनी माळवदाची घरं गार कशी राहायची? जाड भिंती, लाकडी तुळया आणि वर पांढऱ्या मातीचा जाडजूड थर. दिवसभराचं ऊन ही माती पिऊन घ्यायची. ती उष्णता खाली उतरेपर्यंत संध्याकाळ व्हायची आणि तोवर माणसं अंगणात नाहीतर माळवदावर झोपायला गेलेली असायची.

मग ती घरं गेली कुठे? बरीच कारणं आहेत. लाकूड महागलं, दरवर्षीची डागडुजी नको झाली. पण एक मोठं कारण म्हणजे किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनानंतरची पहाट. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात भूकंप झाला आणि दगडमातीच्या त्याच जड भिंती नि छतांखाली हजारो माणसं गेली. त्यानंतर मराठवाड्यात माळवदाखाली झोपायची भीतीच बसली. त्यामुळे ‘जुनं ते सोनं, परत माळवद बांधा’ असं मी म्हणणार नाही. पण माळवदाची अक्कल पत्र्याच्या घरात आणता येते.

अक्कल एवढीच : उष्णता आत आल्यावर तिच्याशी भांडू नका, तिला छतावरच अडवा.

पत्रा म्हणजे डोक्यावर ठेवलेला तवा. पातळ असतो, झटकन तापतो आणि खाली उष्णता फेकत बसतो. पंखा लावला की वरची तीच गरम हवा अंगावर येते. म्हणून आधी हे करा :

१. छत पांढरं करा. पांढरा रंग बरंचसं ऊन परत फेकतो. स्लॅब असेल तर चुन्यात फेविकॉल कालवून दोन हात द्या. पत्र्यावर चुना टिकत नाही, तिथे ऊन परावर्तित करणारा पांढरा रंग लागतो. २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर अहमदाबादने २०१३ मध्ये उष्माघातविरोधी आराखडा केला. पुढे तिथल्या वस्त्यांमध्ये अशी पांढरी छतं केली गेली. तेलंगणाने तर २०२३ मध्ये यासाठी धोरणच आणलं.

२. पत्र्यावर सावली करा. पत्र्याच्या वर फूटभर अंतर सोडून शेडनेट बांधा. पक्की बांधा, नाहीतर वळवाच्या वाऱ्यात उडून जाईल. वर पाचट किंवा पळाट्या टाकत असाल तर चुलीच्या ठिणगीपासून जपा.

३. आतून तट्ट्या लावा. पत्र्याखाली अंतर ठेवून बांबूच्या तट्ट्या लावा आणि मधली गरम हवा बाहेर जायला दोन्ही टोकं उघडी ठेवा. थर्माकोल नको, तो पेट घेतो.

आता दारं-खिडक्या. इथे बरेच जण चुकतात. जाड भिंतीचं किंवा स्लॅबचं घर असेल तर सकाळी नऊ-दहाला सगळं बंद करून पडदे ओढा आणि रात्री समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडा. पण नुसत्या पत्र्याचं घर दुपारी बंद केलं तर त्याची भट्टी होते. तिथे उंचावर झरोका हवाच.

कूलरचंही तसंच आहे. पाणी वाफ होताना हवेतली उष्णता घेतं, म्हणून आपल्या कोरड्या उन्हाळ्यात तो मस्त चालतो. पण कूलर खिडकीत ठेवा आणि समोरची खिडकी उघडी ठेवा. सगळं बंद केलं तर खोलीत नुसता दमटपणा साचतो. पाण्याची टंचाई असेल तर दाराला ओलं पोतं किंवा वाळ्याचा पडदा लावा, थोड्या पाण्यात भागतं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. खोलीच ४० च्या वर गेली असेल तर नुसत्या पंख्यावर विसंबू नका. अंगावर ओलं कापड घ्या. आजी-आजोबांना आणि लहान बाळांना दुपारी झाडाखाली किंवा एखाद्या गार इमारतीत न्या. कुणी असंबद्ध बोलायला लागलं, बेशुद्ध झालं, तर लगेच १०८ लावा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी मारत राहा.

या रविवारी सकाळी उन्हाच्या आधी फक्त पहिलं काम करा. पत्र्यावर थेट उभं राहू नका, फळी टाका आणि खाली एकाला थांबवा. दुपारी पत्र्याखाली बसा आणि फरक वाटला का ते आम्हाला व्हॉइस मेसेजवर सांगा.

चला, भेटू पुढच्या भागात. पाणी पीत राहा!