‘शय्या’, ‘बैठक’ की ‘कोंदण’? रायफल कुंद्यात बसविण्याच्या कृतीची परिभाषा

आमच्या विभागाचा एक माजी विद्यार्थी अमेरिकेत स्थायिक झाला आहे. काही महिन्यांपूर्वी त्याने पत्राने एक प्रश्न विचारला. तेथील पुष्कळ नेमबाज आपल्या रायफलीचा पोलादी भाग लाकडी कुंद्यात नीट बसविण्याचे काम घरच्या घरी करतात. इंग्रजीत या कामास ‘बेडिंग’ म्हणतात. हे काम तो शिकला आणि गावाकडील धाकट्या भावासाठी त्याचे वर्णन मराठीत लिहावयास बसला, तो पहिल्याच वाक्यात अडला. ‘बेडिंग’ला मराठीत काय म्हणावे? केवळ इंग्रजी शब्द समोर ठेवून बसलेला कोशकार ‘शय्या’ असे लिहून मोकळा होईल. परंतु शब्द ठरविण्यापूर्वी ही कृती काय आहे, हे समजून घेणे अवश्य आहे. प्रस्तुत लेखकाचा बंदुकीशी संबंध महाविद्यालयात असताना एन. सी. सी.च्या .२२ रायफलीपुरताच आला, आणि त्या वेळीही त्याच्या गोळ्या निशाणापेक्षा मागच्या मातीच्या बांधासच अधिक लागल्या. तेव्हा पुढील विवेचन नेमबाजाचे नव्हे, शब्दाच्या शोधात कृतीपर्यंत गेलेल्या अभ्यासकाचे आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

रायफलीचे ढोबळमानाने दोन भाग पडतात. एक पोलादी व दुसरा लाकडी. पोलादी भागात पुढे नळी आणि तिच्या मागील टोकास आट्यांनी घट्ट बसविलेली एक पोकळ चौकट असते. या चौकटीत खटक्याचा दांडा म्हणजे बोल्ट मागेपुढे सरकतो व काडतूस नळीत ढकलतो. बोल्टसह या चौकटीस ‘ॲक्शन’ म्हणतात. लाकडी भाग तो कुंदा. त्याच्या खांद्यास टेकणाऱ्या मागील टोकाला आपल्याकडे दस्ता असेही म्हणतात. कुंद्यात खोबण कोरलेली असते, तिच्यात ॲक्शन वरून बसते आणि खालून येणारे दोन किंवा तीन स्क्रू ती आवळून धरतात. १८९८ च्या प्रसिद्ध माउझर रायफलीत असे दोन मुख्य स्क्रू होते. १९३६ साली निघालेल्या विंचेस्टरच्या ७० क्रमांकाच्या रायफलीत तीन.

तथापि बार उडताच मागे येणारा धक्का या स्क्रूंनी सोसावयाचा नसतो. त्यासाठी ॲक्शनच्या पुढील बाजूस खाली एक आडवा पोलादी कान असतो. माउझरमध्ये तो चौकटीचाच भाग आहे, तर १९६२ च्या रेमिंग्टन ७०० मध्ये नळी आणि चौकट यांच्यामध्ये दाबून बसविलेली ती स्वतंत्र चकती आहे. या कानाची मागील बाजू लाकडाच्या भिंतीस टेकते आणि धक्का कुंद्यात, तेथून खांद्यात उतरतो. म्हणजे सर्व भार हाताच्या बोटाएवढ्या रुंदीच्या लाकडावर येतो.

आता अडचण कोठे येते ते पाहू. लाकूड हवेतील ओलावा शोषून घेते व सोडते. तंतूंच्या लांबीच्या दिशेने त्यात फारसा फरक पडत नाही, परंतु आडव्या दिशेने ते फुगते आणि आकसते. पावसाळ्यात न लागणारे दार आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. कुंद्याचेही तसेच होते. आज ॲक्शन चार ठिकाणी टेकलेली असेल, तर महिन्याने तीनच ठिकाणी टेकेल. त्यात स्क्रू आवळले की पोलादी चौकट किंचित वाकते. शिवाय बार उडताना नळी छेडलेल्या तारेप्रमाणे थरथरते, आणि गोळी बाहेर पडण्याच्या क्षणी नळीचे तोंड कोठे असेल, त्यावर तिची दिशा ठरते. नळी थरथरू नये, असे नेमबाज म्हणत नाही, कारण ते अशक्यच आहे. ती दर वेळी सारखीच थरथरावी, एवढेच तो म्हणतो. ॲक्शनचा आधार बदलला की हे सारखेपण जाते. कोनाच्या एका कलेचा फरक १०० यार्डांवर सुमारे १ इंच होतो. यावरून नेमबाज या कामासाठी रात्री का जागवितात, ते कळून येईल.

जुनी पद्धत केवळ हातांच्या कौशल्यावर अवलंबून होती. पोलादावर काजळीचा पातळ लेप द्यावयाचा, ते खोबणीत दाबावयाचे आणि उचलून पाहावयाचे. जेथे काळा डाग उमटला, तेथे लाकूड उंच आहे. तेवढेच पटाशीने किंवा खरवडणीने काढावयाचे आणि पुन्हा दाबावयाचे. असे शेकडो वेळा केल्यावर डाग सर्वत्र सारखे उमटू लागतात. कारखान्यातील फिटर दोन पृष्ठे एकमेकांस मिळविताना काजळीऐवजी प्रशियन निळा रंग वापरतात, तत्त्व तेच. या कामात लाकूड फक्त काढता येते, घालता येत नाही. एक फटका जास्त बसला की मागचे श्रम वाया गेले.

लाकडाचे हे दौर्बल्य लष्करी कारखान्यांसही भोवले आहे. भारतीय पोलिसांच्या हाती दीर्घकाळ असलेली .३०३ ली-एनफील्ड घ्या. तिचा धक्का पुढच्या लाकडाच्या मागील टोकाशी असलेल्या दोन लहान पृष्ठांवर येतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ऑस्ट्रेलियातील लिथगो येथील कारखाना कोचवुड नावाच्या लाकडाचे कुंदे वापरू लागला. ते मऊ पडल्यामुळे या पृष्ठांवर तांब्याच्या पट्ट्या बसवाव्या लागल्या. बंगालमधील ईशापूरच्या कारखान्याने पुढच्या लाकडातून आडवा स्क्रू घालून ते चिरण्यापासून राखले. जाणकार आजही त्या स्क्रूवरून ईशापूरची रायफल ओळखतात.

महायुद्धानंतर इपॉक्सी राळ सुलभ झाली आणि पद्धतच पालटली. लाकूड पोलादाशी मिळवीत बसण्याऐवजी खोबण मुद्दाम थोडी मोठी करावयाची, तिच्यात राळ व काचतंतू यांचे मिश्रण घालावयाचे आणि पोलाद त्यात बसवावयाचे. मिश्रण पोलादाचा आकार घेऊन कठीण होते व ओलाव्याने फुगत नाही. हेच काम आज घरोघरी चालते. खरे कष्ट पूर्वतयारीत आहेत. प्रथम रायफल रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट काढून ठेवावयाचा. ॲक्शनमधील छिद्रे व खाचा मळलेल्या शाडूसारख्या मातीने भरावयाच्या; नाहीतर राळ त्यांत शिरून घट्ट होते आणि दोन्ही भाग कायमचे जखडतात. मग पोलादावर, स्क्रूंच्या आट्यांवरसुद्धा, मेणाचा किंवा तशाच न चिकटणाऱ्या द्रव्याचा थर द्यावयाचा. या बाबतीत आळस केलेल्यांच्या कथा नेमबाजांत मोठ्या चवीने सांगितल्या जातात.

कानाची बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. त्याच्या पुढील बाजूस, दोन्ही कडांस व तळाशी चिकटपट्टी लावतात. मागील बाजू मात्र उघडी ठेवतात. राळ कठीण झाल्यावर पट्टी काढली की त्या चारही बाजूंनी केसभर फट राहते आणि कान फक्त मागे टेकतो. टेकावयाचे तेथेच टेकले पाहिजे आणि इतरत्र मोकळे राहिले पाहिजे, असे हे तत्त्व आहे. राळ कठीण होत असताना स्क्रू जोराने आवळल्यास चौकट वाकलेल्या स्थितीतच साचा बनतो, आणि जो दोष काढावयाचा तोच कायम होतो. म्हणून ते केवळ भाग जागेवर राहण्यापुरतेच फिरवितात. साधारणतः एक दिवस गेल्यावर ॲक्शन उचलतात. पुष्कळ जण स्क्रूंच्या भोवती ॲल्युमिनियमच्या नळकांड्याही बसवितात, त्यायोगे स्क्रूंच्या आवळणीने लाकूड चेपत नाही. नळी आणि लाकूड यांच्यामध्ये बहुधा मोकळी जागा ठेवतात. एक डॉलरची नोट तोंडापासून मागपर्यंत अडखळत नाही ना, हे पाहण्याची तिकडील रीत आहे.

काम साधले की नाही, याची परीक्षाही सुंदर आहे. नळी आणि कुंदा यांच्यामध्ये सूक्ष्ममापक काटा लावून एक स्क्रू सैल करावयाचा. काटा जागचा हलला नाही, तर पोलाद कोठेही वाकलेले नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. बंदुकीच्या परिभाषेत मराठीने परकीय शब्दांस कधीच मज्जाव केला नाही. ‘बंदूक’ हा शब्द अरबी ‘बुंदुक’वरून आला आहे, त्याचा अर्थ एक कवचाचे फळ, त्यावरून त्या आकाराची गोळी. ‘कुंदा’ म्हणजे फारसीत लाकडाचा ओंडका. ‘दस्ता’ फारसी ‘दस्त’ म्हणजे हात यावरून, तर ‘काडतूस’ पोर्तुगिजांकडून आले. शिवकालीन राजव्यवहारकोशात शस्त्रांचा स्वतंत्र वर्ग आहे व परकीय शब्दांना संस्कृत पर्याय देण्याचा त्या ग्रंथाचा उद्देशच आहे. तथापि लोकांनी बंदूक आणि कुंदा सोडले नाहीत. तेव्हा ‘बेडिंग’ तसेच ठेवावे, असे कोणी म्हटल्यास त्यास परंपरेचा आधार नाही, असे नाही.

परंतु येथे आपल्याजवळ शब्द आहेत. पोलादी भाग कुंद्यात ‘बसतो’, तो आपण ‘बसवितो’, आणि बसल्यावर त्याची ‘बैठक’ पक्की किंवा कच्ची असते. ‘शय्या’ या शब्दात विसावा आहे, भार घेणे नाही. ज्या भिंतीवर दर बारास धक्का आदळतो तिला शय्या म्हणणे विपरीत होईल. जुन्या, काजळीच्या पद्धतीस ‘खोबण मिळविणे’ हा सुतारी प्रयोग पुरेसा आहे. राळेच्या पद्धतीस मात्र तो लागू पडत नाही, कारण तेथे काढणे नसून भरणे आहे. यासाठी प्रस्तुत लेखकाने सराफाचा ‘कोंदण’ हा शब्द सुचविला. ‘कोंदणे’ म्हणजे ठासून भरणे. खड्याभोवती सोने कोंदून त्याच्याच आकाराची जागा करावयाची, हीच येथील कृती होय. एक भेद मात्र मान्य केला पाहिजे. कोंदणातील खडा पुन्हा काढावयाचा नसतो, ॲक्शन काढता आलीच पाहिजे. म्हणून कृतीस ‘कोंदण भरणे’ आणि तिच्या परिणामास ‘बैठक’ असे दोन शब्द योजावेत, असे त्यास कळविले.

त्याने उत्तरी लिहिले की, भावास ‘कोंदण’ तत्काळ समजले, ‘बैठक’ समजावून सांगावीच लागली नाही. प्रश्न आला तो दुसराच. आपल्याकडे हे घरी करता येईल काय? १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या ५ व्या कलमान्वये शस्त्रांच्या दुरुस्तीसही परवाना लागतो. तेव्हा परवानाधारक बंदूकदुरुस्ती करणाऱ्याकडेच जावे, असे सांगणे भाग आहे. अशा कारागिरांच्या, तसेच सुतार व सराफ यांच्या तोंडी या अर्थाचे आणखी शब्द असण्याचा संभव आहे. विशेषतः कोकण व खानदेशातील वाचकांनी असे शब्द ऐकले असल्यास गाव, व्यवसाय आणि प्रत्यक्ष वाक्य यांसह विभागाकडे लिहून पाठवावेत.